मिठीतला गाळ कुठे जाऊन बसतो, हे ट्रेसर कण सोडून शोधता येईल का?

प्रश्न : पवई_एमएस्सी

सर्व जाणकारांना नमस्कार. मी मुंबईत पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. मिठी नदीतून पदार्थ कसे वाहून जातात, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. विहार तलावाच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत ही नदी सुमारे १८ किलोमीटर वाहते. वाटेत पवई तलावाचे ओसंडलेले पाणी, मरोळ आणि कुर्ल्याचे नाले, पुढे वाकोला नाला असे बरेच काही तिला येऊन मिळते. एखाद्या ठिकाणी नदीत पडलेला पदार्थ खाली किती वेळात पोहोचतो, किती पसरतो आणि त्यातला किती वाटेतच राहतो, हे मला मोजायचे आहे.

माझ्या मार्गदर्शकांनी रोडामाइन डब्ल्यूटी हा चमकणारा रंग सोडून फ्लुओरोमीटरने (चमक मोजणाऱ्या यंत्राने) वाचन घेण्याची पद्धत सुचवली आहे. ती मला समजली आहे आणि करता येण्यासारखीही वाटते. माझी अडचण अशी आहे की शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू, तेलकट घाण आणि सांडपाण्यातले जिवाणू यांचा मोठा भाग पाण्यात विरघळलेला नसतो, तो बारीक गाळाच्या कणांना चिकटून प्रवास करतो. रंग पाण्याच्या वेगाने जाईल, गाळ मात्र बसेल, उठेल आणि पुन्हा बसेल. मग रंगाच्या प्रयोगावरून गाळाबद्दल काही बोलण्याचा मला अधिकार राहतो का? त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, चमकदार वाळू किंवा तत्सम कण सोडावेत का, आणि सोडायचे तर कोणत्या मापाचे, किती आणि नदीच्या कोणत्या टप्प्यात?

माझ्याकडे हातातला विद्युतवाहकता मापक आणि गाळण्याची साधने आहेत. विभागाचा फ्लुओरोमीटर वापरता येतो आणि शेजारच्या विभागातला प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक वेळ ठरवून मिळतो. पैसे विद्यार्थ्याकडे असतात तेवढेच आहेत.

उत्तर : प्रवाहमापक

तुमची शंका योग्य आहे आणि ती प्रयोगाच्या आधी पडली हे फार बरे झाले. ट्रेसर म्हणजे माग काढण्यासाठी मुद्दाम सोडलेला पदार्थ; तो ज्या पदार्थासारखा वागतो, त्याच पदार्थाबद्दल साक्ष देतो. विरघळणारा रंग पाण्याबद्दल बोलेल आणि कण कणांबद्दल बोलतील, तेही आपल्याच मापाच्या आणि घनतेच्या कणांबद्दल. त्यामुळे तुम्ही दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी सोडावेत असे मी सुचवेन, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर दोघांच्या, वेळेनुसार तीव्रता दाखवणाऱ्या आलेखांमधल्या फरकात आहे.

आधी रंगाबद्दल सांगतो. नदीच्या मधल्या धारेतले पाणी काठाजवळच्या आणि तळाजवळच्या पाण्यापेक्षा वेगाने जाते, म्हणून एकदम सोडलेला रंगाचा लोट पुढे सरकता सरकता लांबत जातो. नळीतल्या प्रवाहासाठी हे गणित जी. आय. टेलर यांनी १९५३ साली मांडले आणि ह्यूगो फिशर यांनी १९६० च्या दशकात ते नैसर्गिक प्रवाहांना लावले. प्रत्यक्ष नदीत मात्र आलेखाची शेपटी त्या गणितापेक्षा लांब निघते. पंढरीच्या वाटेवर एकत्र निघालेल्या दिंडीतले काही जण झाडाखाली विसावतात आणि मुक्कामी उशिरा पोहोचतात, तसे काही पाणी खांबांमागच्या भोवऱ्यांत, काठाच्या कचऱ्यात आणि तळाच्या वाळूच्या फटींत थांबून मागाहून येते. बेनकाला आणि वॉल्टर्स यांनी १९८३ साली या थांब्यांचा वेगळा हिशेब धरणारे प्रतिमान दिले आणि आजही बहुतेक जण तेच वापरतात. तुमच्या रंगाच्या आलेखावर ते बसवून पाहा, म्हणजे थांबलेल्या पाण्याचा वाटा आणि थांबण्याचा काळ हाती येईल.

आता कण. समजा पाणी १ मीटर खोल आहे आणि सेकंदाला ०.३ मीटर वेगाने वाहते आहे. मुंबईच्या कोमट पाण्यात १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाळूच्या घनतेचा कण सेकंदाला साधारण एक दशांश मिलिमीटर खाली जातो, म्हणजे तळ गाठायला त्याला पावणेतीन तास लागतात आणि तेवढ्यात पाणी ३ किलोमीटर पुढे गेलेले असते. कण ३० मायक्रॉनचा असेल तर हेच अंतर ३०० मीटरच्या आसपास येते आणि १०० मायक्रॉनला ते ३५-४० मीटरवर उतरते. व्यासाच्या वर्गाप्रमाणे वेग बदलतो, म्हणून माप निवडताना थोडीशी ढिलाई केली तरी निष्कर्ष पार बदलतो.

हा हिशेब शांत पाण्याचा झाला. प्रवाहातली घुसळण कणांना वर धरून ठेवते. तिचे माप घेण्यासाठी कणाच्या बसण्याच्या वेगाला प्रवाहाच्या घर्षणवेगाच्या (पाणी तळाला किती जोराने घासते याच्या मापाच्या) ०.४ पटीने भागतात आणि येणाऱ्या आकड्याला रूझ संख्या म्हणतात. घर्षणवेग सेकंदाला ५ सेंटिमीटर असेल तर १०० मायक्रॉनच्या कणासाठी ही संख्या ०.४५ च्या आसपास येते आणि तो कण तरंगत जातो. पाणी मंदावून घर्षणवेग १ सेंटिमीटरवर आला की तीच संख्या २.२५ च्या पुढे जाते आणि तोच कण तळालगत सरपटू लागतो. मिठीत हे दोन्ही प्रकार एकाच दिवसात, कधी एकाच पुलाच्या दोन बाजूंना घडतात. म्हणून प्रयोगाच्या दिवशी पाण्याची खोली, उतार आणि वेग मोजल्याशिवाय कणांच्या आलेखाला अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. पदार्थ सोडल्याबरोबर तो पूर्ण रुंदीत मिसळत नाही. पात्र १० मीटर रुंद, अर्धा मीटर खोल, वेग ०.३ मीटर आणि घर्षणवेग ५ सेंटिमीटर असेल, तर मधोमध सोडलेला ट्रेसर आडवा मिसळायला सुमारे २०० मीटर लागतात आणि तोच काठावरून सोडला तर सुमारे ८०० मीटर लागतात. त्याआधी नमुने घेतले तर एका काठाला भरपूर आणि दुसऱ्या काठाला काहीच नाही, असे दिसेल. ओढ्यासारख्या अरुंद पात्रात काम सोपे असते ते यासाठीच.

उत्तर : समस्थानिक

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. त्यात किरणोत्सारी ट्रेसरची बाजू जोडतो, कारण गाळाच्या हालचालीचा अभ्यास आपल्याकडे मुख्यतः याच मार्गाने पुढे गेला आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी देशातल्या अनेक बंदरांत स्कॅंडियम-४६ असलेल्या काचेची पूड वापरून गाळाचा माग घेतला आहे. ही पूड तळावरच्या गाळाच्या मापाची आणि घनतेची दळून घेतात, किरणोत्सारी करतात, समुद्रतळावर सोडतात आणि मग होडीमागून तळालगत शोधक ओढत नेऊन दर काही दिवसांनी तिचा पट्टा कुठे सरकला ते नोंदवतात. बंदराच्या वाटेतून उपसलेला गाळ कुठे टाकला म्हणजे तो परत त्याच वाटेत येणार नाही, हा त्यामागचा अगदी व्यावहारिक प्रश्न असतो. स्कॅंडियम-४६ चे अर्धायुष्य (निम्मा भाग क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे ८४ दिवसांचे आहे, म्हणजे काही महिने माग घेता येतो आणि त्यानंतर तो पदार्थ वर्षानुवर्षे उरत नाही.

हे तुम्हाला करता येणार नाही. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि वस्तीतून वाहणाऱ्या नदीत असा प्रयोग करूही नये. पण निसर्गाने स्वतःच पेरलेले कणांचे ट्रेसर तुम्हाला उपलब्ध आहेत, आणि त्यांच्याबद्दल विद्यार्थ्यांना कमी सांगितले जाते. विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होणारे बेरिलियम-७ पावसाबरोबर खाली येते आणि मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५३ दिवस आहे. ज्या गाळात ते सापडते, तो गाळ गेल्या काही महिन्यांत उघड्या जमिनीवर पाऊस झेलत होता असे समजावे. ज्यात सापडत नाही, तो तळात किंवा काठाच्या पोटात जुना पडून होता.

मुंबईच्या हवामानात हा फरक विशेष ठळक मिळायला हवा. आपला पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये एकवटलेला असतो. सप्टेंबरअखेर तळात बसलेल्या गाळातले बेरिलियम-७ मे अखेरपर्यंतच्या आठ महिन्यांत क्षय पावून तेवीस-चोविसाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे जूनच्या पहिल्या जोरदार सरींत नदी गढूळ होते, तेव्हा त्या गढुळपणातला किती भाग तळातून उचललेला जुना गाळ आहे आणि किती भाग शहरातून नुकताच धुऊन आलेला आहे, हे गॅमा वर्णपटमापीवर (किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर) ओळखता येईल. नमुना गोळा केल्यावर मोजणी मात्र लगेच करावी लागते, आणि गाळ बऱ्यापैकी प्रमाणात लागतो, म्हणून बादलीभर पाणी स्थिर ठेवून त्याचा साका घ्यावा. शिसे-२१० (अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे) आणि सिझियम-१३७ (सुमारे ३० वर्षे) हे दोघे जास्त जुन्या इतिहासाबद्दल सांगतात. माहीमच्या बाजूला कांदळवनातल्या गाळाचा उभा गाभा काढायची संधी मिळाली तर त्यांचा उपयोग करा.

पवई_एमएस्सी :

दोघांचेही मनापासून आभार. बेरिलियमची कल्पना मला ठाऊकच नव्हती, त्याबद्दल मार्गदर्शकांशी बोलते. सोडायच्या कणांबद्दल मात्र अजून दोन प्रश्न आहेत. बाजारात चमकदार लेप दिलेली आणि शिवाय चुंबकाला चिकटणारी वाळू ट्रेसर म्हणून मिळते, ती पाण्यातून चुंबकाने वेचून काढता येते असे वाचले. मिठीच्या गढूळ पाण्यात हे सोयीचे पडेल का? दुसरे म्हणजे पॉलिस्टायरीनचे चमकणारे सूक्ष्मगोल अगदी एकसारख्या मापाचे मिळतात, ते वापरले तर चालतील का?

उत्तर : काळा_पाषाण

मी भूशास्त्र शिकवतो, तेव्हा चुंबकाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आले असे समजतो. एक साधा प्रयोग करून पाहा. मुंबईतल्या कोणत्याही नाल्याकाठची मूठभर कोरडी वाळू कागदावर पसरा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. काळे बारीक कण चुंबकामागे रांगेने सरकू लागतील. आपले शहर बहुतांशी दख्खनच्या बेसाल्टवर उभे आहे, त्या खडकात लोहाची आणि टायटॅनियमची चुंबकीय खनिजे असतात आणि खडक झिजला की तीच वाळूत येतात. शिवाय कुर्ला-साकीनाका पट्ट्यातल्या कारखान्यांतून आणि गॅरेजांतून येणारा लोखंडाचा कीस आहेच. ज्या देशांत नदीची वाळू पांढऱ्या गारेची असते, तिथे चुंबकीय ट्रेसर उत्तम चालतो. इथे तुमच्या चुंबकाला आधी नदीचाच माल चिकटेल. कण चमकदारही असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली ते वेगळे ओळखता येतील, म्हणजे पद्धत पूर्ण निकामी होत नाही, पण केवळ चुंबकीय वाचनावर भिस्त ठेवू नका आणि ट्रेसर सोडण्यापूर्वीच्या पार्श्वभूमीचे नमुने मुबलक घ्या.

प्लास्टिकच्या गोलांना माझा ठाम विरोध आहे. ज्या नदीतल्या सूक्ष्मप्लास्टिकची आपण काळजी करतो, तिच्यात अभ्यासासाठी म्हणून आणखी प्लास्टिक सोडण्याचे समर्थन मला करता येत नाही. शास्त्रीय अडचणही आहेच, कारण पॉलिस्टायरीनची घनता पाण्यापेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी जास्त असते आणि गाळाच्या कणांची अडीच पटीहून जास्त. समान मापाचा गोल गाळापेक्षा कितीतरी सावकाश बसेल. प्रयोगशाळेतल्या बंद पन्हळीत त्याचा उपयोग खुशाल करा.

बारीक गाळासाठी एक जुना आणि निरुपद्रवी पर्याय म्हणजे लायकोपोडियम या वनस्पतीचे रंगवलेले बीजाणू. ते साधारण ३० मायक्रॉनचे असतात आणि चुनखडीच्या गुहांमधून वाहणाऱ्या भूमिगत पाण्याचा माग घेण्यासाठी युरोपात त्यांचा खूप वापर झाला. ते फार हलके असतात, म्हणून सेंद्रिय कणांबद्दल ते चांगले सांगतील, मातीच्या कणांबद्दल नाही.

मातीच्या कणांसाठी मी त्याच नाल्यातली वाळू आणायला सांगेन. ती धुवावी, वाळवावी, चाळणीने ६३ ते १२५ मायक्रॉनचा भाग वेगळा करावा आणि त्यावर चमकदार रंगद्रव्याचा अगदी पातळ लेप द्यावा. या लेपाचा चिकटवणारा पदार्थ बहुधा राळेसारखा असतो, म्हणून तो कमीत कमी वापरावा आणि कण भरपूर ढवळलेल्या पाण्यात काही तास ठेवून लेप सुटत नाही याची खात्री करावी. मग लेप दिलेली आणि न दिलेली वाळू शेजारी शेजारी दोन उंच मोजपात्रांत सोडून बसण्याचा वेळ मोजावा. दोन्हींत लक्षणीय फरक असेल तर तो लेप टाकून द्यावा.

लेप दिलेल्या कोरड्या कणांना पाणी लवकर लागत नाही. ते तसेच ओतले तर पृष्ठताणामुळे पाण्यावर पीठ पसरावे तशी साय धरतात आणि वाऱ्यावर वाहून जातात. म्हणून आदल्या रात्री ते थेंबभर साबण घातलेल्या पाण्यात भिजवून ठेवावेत, काचेच्या दांड्याने ढवळून बुडबुडे निघून जाऊ द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी लगद्याच्या स्वरूपात न्यावेत. तळालगतच्या वाळूचा अभ्यास करायचा असेल तर हाच लगदा बर्फात गोठवून त्याच्या लाद्या जाळीच्या पिशवीत वजन बांधून तळावर ठेवतात. बर्फ वितळेल तसे कण जागच्या जागी मोकळे होतात आणि ओतताना होणारा उधळा टळतो.

किती सोडायचे याचा हिशेब सोपा आहे. १०० मायक्रॉनच्या एका कणाचे वजन सुमारे १.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका किलोत जवळजवळ ७२ कोटी कण. नाल्याचा विसर्ग सेकंदाला २०० लिटर असेल आणि कणांचा लोट ५०० सेकंदांत पुढे निघून जात असेल, तर ते एक लाख लिटर पाण्यात वाटले जातात. सगळे तरंगत राहिले तर लिटरमागे ७,२०० कण येतात, आणि शंभरात एकच पोहोचला तरी ७२ उरतात, जे गाळणकागदावर निवांत मोजता येतील. त्यामुळे पोतेभर वाळू ओतायची गरज नाही.

वरच्या भागात, राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यांत गोट्यांची हालचाल पाहायची असेल तर गोट्याला छिद्र पाडून त्यात रेडिओ ओळखपट्टी बसवतात आणि पुरानंतर कडीसारखा अँटेना फिरवून प्रत्येक गोटा नावानिशी शोधतात. थोरल्या आइन्स्टाइन यांचे चिरंजीव हान्स आल्बर्ट यांनी १९३७ च्या आपल्या प्रबंधात तळावरच्या खड्यांचा प्रवास हा उड्यांचा आणि विश्रांतींचा संभाव्यतेचा खेळ म्हणून मांडला होता. या पट्ट्यांमुळे त्या उड्या आता एकेका गोट्यागणिक तपासता येतात. तुमच्या विषयात हे कदाचित बसणार नाही, तरी वाचून ठेवा.

उत्तर : खाडीकाठ

मी धारावी-माहीमच्या बाजूला खाडीच्या पाण्याचे नमुने घेण्याच्या कामात असते. ताई, तुम्ही टप्पा निवडताना भरतीचा विचार सर्वांत आधी करा. आपल्याकडे साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी भरती येते आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरांच्या वर जातो. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या परिसरात मिठी चक्क उलटी वाहताना दिसते. तिथे सोडलेला ट्रेसर तुमच्या समोरून खाली जाईल, काही तासांनी परत वर येईल आणि नंतर पुन्हा खाली जाईल. त्यामुळे तिथे केवळ तीव्रता मोजून चालत नाही. पूर्ण भरती-ओहोटीच्या चक्रभर दर थोड्या वेळाने वेग, दिशा, खोली आणि तीव्रता एकत्र नोंदवून निव्वळ किती पदार्थ समुद्राकडे गेला हे काढावे लागते. उधाण आणि भांग (सर्वांत लहान भरती-ओहोटीचे दिवस) या दोन्ही वेळी हे करायचे म्हटले तर चार-पाच माणसांचा चमू लागतो.

त्याहून मोठी अडचण चिखलाची आहे. गोड्या पाण्यातले चिकणमातीचे कण खाऱ्या पाण्याला भेटले की एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते सुट्या कणांपेक्षा बरेच लवकर बसतात. भरती पूर्ण होऊन पाणी काही वेळ थांबते तेव्हा काचेच्या बाटलीत नमुना घेऊन डोळ्यांसमोर धरा, पुंजके खाली उतरताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. लेप दिलेली वाळू असे पुंजके करत नाही, म्हणून खाडीच्या टप्प्यात ती तिथल्या चिखलाची प्रतिनिधी ठरत नाही. माझे मत असे की एका विद्यार्थिनीने हा टप्पा सोडून द्यावा आणि भरती पोहोचत नाही अशा वरच्या भागातला, मध्ये नाला न मिळणारा सरळ तुकडा निवडावा. विमानतळाखालचा भाग तर अर्थातच बंद आहे.

रोडामाइनबद्दल दोन-तीन गोष्टी. तापमान एक अंशाने वाढले की त्याची चमक सुमारे २.७ टक्क्यांनी घटते, म्हणून उन्हात ठेवलेल्या बाटल्या आणि वातानुकूलित खोलीतले प्रमाण द्रावण यांची थेट तुलना करू नका. सगळे नमुने एका तापमानाला आणून मगच वाचा. गढूळ नमुने आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. सेंद्रिय गाळाला हा रंग थोडाफार चिकटतोही, तेव्हा त्याला शुद्ध पाण्याचा ट्रेसर मानताना तेवढी तूट लक्षात ठेवा. युरानिन हा दुसरा चमकणारा रंग स्वस्त पडतो, पण उन्हात तो फार लवकर फिका पडतो, त्यामुळे उघड्या नाल्यात दिवसा त्याचा उपयोग नाही. मिठाचा विचार करत असाल तर आधी गणित करा. सेकंदाला २०० लिटर विसर्गात २ किलो मीठ सोडले आणि लोट ५०० सेकंदांत गेला, तर लिटरमागे सरासरी २० मिलिग्रॅम वाढ होते, म्हणजे विद्युतवाहकतेत ४० मायक्रोसीमेन्सच्या आसपास. सांडपाणी मिसळलेल्या नाल्याची वाहकता मुळातच जास्त असते आणि तासातासाला वर-खाली होते, त्यात ही वाढ बुडून जाईल. स्वच्छ ओढ्यात मात्र मीठच सर्वांत सोपे आणि स्वस्त.

वेगाचा पहिला अंदाज घ्यायला संत्री सोडा. ती जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतात, त्यामुळे वारा त्यांना ढकलत नाही, पुलावरून दिसतात आणि एखादे हरवले तरी कुजून जाते. पृष्ठभागाच्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणले की खोलीभरचा सरासरी वेग येतो. निर्माल्यातली झेंडूची फुले पाहून वेग ठरवू नका, ती वाऱ्याने भरकटतात.

परवानगीशिवाय पाण्यात काहीही ओतू नका. महानगरपालिकेचा पर्जन्य जलवाहिन्या विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना महाविद्यालयाच्या पत्रावर पदार्थाचे नाव, मात्रा, दिवस आणि जागा कळवा. उद्यानाच्या हद्दीत वनविभागाची आणि कांदळवनाजवळ कांदळवन कक्षाची परवानगी लागेल. रंगाची मात्रा डोळ्यांना दिसणार नाही इतकी ठेवता येते आणि तशीच ठेवावी, म्हणजे काठावरच्या वस्तीत घबराट पसरत नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने पिण्याच्या पाण्याच्या उपशाजवळ लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळली आहे. मिठीतून कोणी पिण्याचे पाणी उचलत नसले तरी तोच आकडा धरून मात्रा ठरवा. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय पाण्यात उतरू नका, पायाला जखम असेल तर अजिबात नको. लेप्टोची भीती मुंबईत कोणाला सांगायला नको. आणि पावसाळ्यात नमुने पुलावरून दोरीला बांधलेल्या बाटलीनेच घ्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा या नदीने काय केले ते सर्वांना माहीत आहे, पण त्याच्या कितीतरी कमी पावसातही तिचे पाणी पाहता पाहता चढते.

पवई_एमएस्सी :

वरच्या भागातला एक सरळ तुकडा निवडायचे मी आता नक्की केले आहे, आणि रंग व वाळू एकत्र सोडणार आहे. शेवटची शंका विचारते. समजा खालच्या पुलावर रंग ९० टक्के परत मिळाला आणि वाळू फक्त ३० टक्के. परीक्षकांनी प्रयोग फसला असे म्हटले तर मी काय उत्तर द्यावे?

उत्तर : प्रवाहमापक

तो प्रयोग फसला असे कोणी म्हणू नये, कारण तुम्ही जे शोधायला निघालात ते त्या न आलेल्या ७० टक्क्यांतच आहे. पण हे म्हणण्याचा अधिकार मिळवण्यासाठी परताव्याचा हिशेब चोख असावा लागतो. प्रत्येक नमुन्यातली तीव्रता गुणिले त्या क्षणाचा विसर्ग, आणि त्याची संपूर्ण काळावरची बेरीज, असे करून पुलाखालून गेलेले एकूण वस्तुमान काढा. विसर्ग स्वतंत्रपणे, वेगमापकाने मोजलेला असावा. रंगाच्याच सौम्यीकरणावरून विसर्ग काढला आणि मग त्याच विसर्गाने रंगाचा परतावा काढला, तर उत्तर नेहमीच १०० टक्के येईल आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

रंगाचा परतावा ९० टक्क्यांच्या आसपास आला की तुमचे नमुने वेळेवर आणि पूर्ण रुंदीतून घेतले गेले याचा तो पुरावा झाला. नमुन्यांतली चूक दोन्ही ट्रेसरना जवळपास सारखीच बाधते, म्हणून रंगापेक्षा वाळूची जी जास्तीची तूट दिसते, ती मुख्यतः तळाकडे गेली असे म्हणता येते. आलेखाची शेपटी मात्र पुरेशी लांबवर मोजा. शिखर उतरले की लोक बाटल्या आवरतात आणि सावकाश येणारे कण नोंदीतून निसटतात.

त्यानंतर त्या ७० टक्क्यांचा शोध घ्या. सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाणी उतरलेले असताना, तुकड्यातल्या निरनिराळ्या जागांवरून, म्हणजे काठालगत, वळणाच्या आतल्या बाजूला, पुलाच्या खांबामागे, प्लास्टिकच्या पिशव्या अडकून तयार झालेल्या बांधांमागे, दोन-तीन इंच व्यासाची नळी दाबून तळाचे छोटे गाभे काढा. त्यांचे वरपासून एकेक सेंटिमीटरचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली चमकदार कण मोजा. कोणत्या थरात किती सापडले यावरून ते नुसते वर बसले की वाळूच्या फटींत शिरले हे कळेल. काही जागा निश्चित करून पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथेच पुन्हा गाभे काढता आले तर ते काम सर्वांत मोलाचे ठरेल, कारण मे महिन्यात ३० टक्के गाळ पुढे सोडणारा तुकडा जूनमध्ये राहिलेल्यापैकी किती सोडतो, हे पुढे माहीमला पोहोचणाऱ्या धातूंच्या हिशेबासाठी लागते. वाळूचा लेप पावसाळ्यापर्यंत टिकतो का, हे पाहण्यासाठी थोडे कण नाल्याच्याच पाण्यात बाटलीत भरून आजपासून खिडकीत ठेवा.